कोयनेलच्या पाच पुड्या

आमच्या घरात कोणाला ताक सोसतं, कोणाला गूळ बाधतो आणि कोणाचा कोठा जड आहे, हे ज्याचं त्याला ठाऊक नसे. वैद्यबुवांना ठाऊक असे. कल्याणात त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून होतं. आमच्या आजोबांना शेवटची मात्रा त्यांच्या वडिलांनी चाटवली, माझ्या वडिलांची संग्रहणी त्यांनी स्वतः बरी केली आणि मला गोवर आला तेव्हा आठ दिवस ते आमच्याच ओटीवर मुक्कामाला होते म्हणे. आमच्या तीन पिढ्यांची दुखणी त्यांच्या डोक्यात होती. लिहून ठेवलेलं काही नाही. रस्त्यात भेटले तर नमस्कार घ्यायच्या आधी "जीभ दाखव" म्हणत. मी मॅट्रिक झालो, ठाण्याच्या कचेरीत कारकुनीला लागलो, डोक्यावर पगडी आली, तरी भर बाजारात तपकिरीनं माखलेल्या बोटानं ते माझी पापणी खाली ओढून बघत. मला संताप येई. इंग्रजी चार बुकं वाचल्यावर माणसाला बऱ्याच गोष्टींचा संताप येऊ लागतो, तसा तो होता.

एवढा जाणता माणूस, पण आमच्या घरातल्या बायकांच्या दुखण्याशी त्यांची थेट गाठ म्हणून पडत नसे. नाडी बघायला ते माजघराच्या उंबऱ्याशी बसत, गोधडीतून एक हात बाहेर येई, तो ते धरत, डोळे मिटत. तेवढंच काय ते थेट. पुढचं सगळं तोंडातोंडी चाले. ते वडिलांना विचारत, "पोटात कळ येते का?" वडील दाराकडे तोंड करून म्हणत, "पोटात कळ येते का, विचारताहेत." आई दाराआडून आत वळून विचारी. आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येई. मग उत्तर त्याच वाटेनं बाहेर यायला निघे आणि वाटेत झिजत झिजत येई. आत "पहाटे फार येते" म्हटलेलं असलं, तर ओटीपर्यंत त्याचं "कधीमधी येते" झालेलं असे. सुनेला फार दुखतं असं सांगणं आईला सुनेचे लाड केल्यासारखं वाटे आणि वडिलांना वैद्यबुवांना उगाच घोर लावल्यासारखं.

आणि मी? मी तिथेच असे, खांबाला टेकून, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून. वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्यानं बायकोचा विषय काढायचा नाही, अशी रीत. काढला तर लोक त्याला बायकोवेडा म्हणत, आणि त्या शब्दाची मला वाघाइतकी भीती. माझ्या बायकोबद्दल बोलायचा सगळ्यांत कमी हक्क त्या घरात मला होता. माहितीही सगळ्यांत कमी मलाच होती.

ती नांदायला येऊन तीन वर्षं झाली होती. मी आठवडाभर ठाण्याला एका सोबत्याबरोबर बिऱ्हाड करून राहायचो. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं कल्याणला यायचो आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत. म्हणजे आमचा संसार आठवड्यातून दोन रात्रींचा. दिवसा एकमेकांकडे बघायचंही नाही. ती कमी बोलायची की मी बोलू द्यायचो नाही, हे मला तेव्हा कधी सुचलंच नाही. गृहीत धरलं होतं की ती कमी बोलते.

त्या वर्षी आश्विनात तिला ताप यायला लागला. दिवसाआड, थंडी वाजून. खाडीकाठच्या गावांत तो ताप नवा नव्हता. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात एकजण तरी गोधडीत होता. वैद्यबुवांनी गुळवेलीचं सत्त्व सुरू केलं, एक काढा दिला, पथ्य सांगितलं. मला वडिलांचं पोस्टकार्ड यायचं: "सूनबाईस किंचित ताप. काळजीचे कारण नाही." पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. शनिवारी मी जाई तेव्हा तिचं अंथरूण आईशेजारी माजघरात असे आणि माझं ओटीवर. रात्री आतून दातावर दात आपटल्याचा आवाज येई. मी कुशीवर वळे. दुसरं काय करणार होतो?

करण्यासारखं पुष्कळ होतं, हे आता कळतं. वैद्यबुवांना गल्लीच्या टोकाशी गाठून विचारता आलं असतं की चार आठवडे झाले, ताप का हटत नाही, तुम्ही असं दमानं का घेताय? पण घरच्या वैद्याला जाब विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, आणि तो दाखवायचा तर वडिलांनी, मी कोण? म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. म्हातारा झाला, हात थकला, झाडपाल्याच्या पलीकडे याला काही येत नाही, असं मी ठाण्याच्या बिऱ्हाडात सोबत्याला रोज ऐकवायचो. कंटाळून तो एकदा म्हणाला, "अरे, मग इथल्या तळ्याकाठच्या डॉक्टरांकडे जा ना. माझ्या भावाचा ताप त्यांनी कोयनेल देऊन चार दिवसांत पळवला."

क्विनीनला आमच्याकडे कोयनेल म्हणत. हे डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, तरुण, आमच्यासारखेच धोतर नेसणारे. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा बाकावर चार-पाच माणसं बसली होती. मी पुढे झालो आणि म्हणालो, ताप आहे, कोयनेल पाहिजे.

"कोणाला?"

"घरी. कल्याणला."

"त्यांना घेऊन या इथं."

"आमच्यात बायका दवाखान्यात येत नाहीत."

"मग मी येतो. रविवारी मला सवड असते."

"घरचे वैद्य आहेत. त्यांना वाईट वाटेल."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "त्यांचं औषध काय चालू आहे?"

"ठाऊक नाही." गुळवेल ठाऊक होती, पण काढ्यात काय होतं ते मी कधी विचारलं नव्हतं.

"झोप लागते? अन्न जातं?"

"ठाऊक नाही."

मागे बाकावर कोणीतरी खाकरलं. डॉक्टर जरा पुढे वाकले, पण त्यांचा आवाज काही हळू नव्हता. "पोटुशी आहेत का?"

माझे कान तापले. चार परक्या माणसांदेखत हा प्रश्न! "छे, छे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं. पण "ठाऊक नाही" असं दोनदा म्हणून झालं होतं. स्वतःच्या बायकोबद्दल तिसऱ्यांदा तेच म्हणायची लाज वाटली. डॉक्टरांनी पाच पुड्या बांधून दिल्या, रोज सकाळी एक म्हणून सांगितलं, आणि पुन्हा एकदा म्हणाले की मी तपासलेलं बरं. मी हो हो म्हणून बाहेर पडलो. जिंकल्यासारखं वाटत होतं मला.

रविवारी संध्याकाळी आई देवळात गेली आणि वडील तळ्याकडे पाय मोकळे करायला. मी माजघरात शिरलो. दिवसाउजेडी तिला जवळून पाहून मला किती दिवस झाले होते कोण जाणे. मनगटं काटकीसारखी झाली होती आणि बांगड्या कोपरापर्यंत मागे गेल्या होत्या. मला पाहून ती उठून बसायला लागली, पदर सावरायला लागली. मी म्हटलं, राहू दे. पुड्या तिच्या हातात ठेवल्या.

"रोज सकाळी एक, पाण्यातून. ताप जाईल. आईला कळू देऊ नकोस. वैद्यबुवांनाही नको."

तिनं पुड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला जरा सांगायचं होतं—"

"आत्ता नको. आई येईल."

"पण हे घ्यायचं म्हणजे—"

"कडू असतं. डोळे मिटून घे."

तिनं मूठ मिटली आणि ती हसली. आजारी माणसाचं हसणं, एवढंसं. मी बाहेर येऊन पुन्हा वर्तमानपत्र उघडून बसलो. आईला यायला त्यानंतर पाऊण तास तरी लागला असेल.

गुरुवारी पोस्टकार्ड आलं: "सूनबाईस दोन पाळ्या ताप आला नाही. वैद्यबुवांच्या काढ्याचा गुण." मी सोबत्याला ते वाचून दाखवलं, दोघंही पोट धरधरून हसलो. काढ्याचा गुण म्हणे! शनिवारी घरी पोचलो तर ती भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसली होती. आई वैद्यबुवांचं तोंड भरून कौतुक करत होती आणि मी पानावर बसून मान हलवत होतो. त्या रात्री मी गाढ झोपलो. आयुष्यात इतका स्वतःवर खूश मी पुन्हा कधी झालो नाही.

रविवारी सकाळी मी संध्या करत होतो, तेव्हा आत काहीतरी भांडं पडलं आणि आईनं वडिलांना हाक मारली. वडील आत गेले, लगेच बाहेर आले आणि खाडीकाठच्या वाडीतल्या सुइणीला बोलवायला स्वतःच निघाले. मला कोणी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पळी हातात धरून मी तसाच बसून राहिलो.

सुईण आली, आत गेली. बऱ्याच वेळानं हात पुसत दाराशी आली आणि आईला म्हणाली, "तीन म्हयन्याचा व्हता गो. गेला. पन अंगावरशी जातंय ता थांबत नाय."

मी बाप होणार होतो आणि आता होणार नाही, या दोन्ही गोष्टी मला एकदमच कळल्या. त्यातही पहिल्यांदा काय आठवलं असेल तर डॉक्टरांचा प्रश्न आणि माझं "नक्की".

वैद्यबुवा आले. उंबऱ्याशी बसून त्यांनी नाडी धरली आणि किती तरी वेळ सोडली नाही. मग वडिलांना विचारलं, "माझ्या औषधाशिवाय दुसरं काही पोटात गेलंय का?" प्रश्न नेहमीच्या वाटेनं आत गेला. उत्तर आलं, "नाही म्हणते."

"पुन्हा विचारा."

"नाही म्हणते."

उत्तर माझ्याकडे होतं. बोलायचं तर काय काय कबूल करावं लागणार होतं! घरच्यांच्या पाठीमागे बायकोशी बोललो. वैद्यबुवांना डावलून दुसऱ्याचं औषध आणलं. आईला फसवलं. आज लिहिताना ही कारणं इतकी क्षुल्लक वाटतात की शरम वाटते, पण त्या वेळी ती माझ्या छातीवर धोंड्यासारखी बसली होती. आत माझं माणूस रक्तानं भिजत होतं आणि मी जानव्याशी चाळा करत ओटीवर उभा होतो.

सुईणच बोलली. तिला कोणाची भीड नव्हती. "पोरीला कोनी बाजूला बसून इचारा तरी. सासूच्या तोंडाकरं बघून काय सांगंल ती?"

आईनं तिला डोळ्यांनी दटावलं. वैद्यबुवांनी उपरणं सावरलं. घरून औषध आणतो म्हणून उठले. मी अनवाणीच त्यांच्या मागे धावलो आणि गल्लीच्या वळणावर त्यांचं उपरणं धरलं. सगळं सांगितलं. सांगताना मी रडत होतो की काय, आठवत नाही. ते मात्र एकदम उभे राहिले.

"किती पुड्या?"

"पाच."

"घेतल्या तिनं सगळ्या?"

"ठाऊक नाही."

त्यांनी डोळे मिटले. माझ्यावर ओरडतील असं वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. "अरे, माझ्या फडताळात दोन वर्षं झाली कोयनेल आहे," ते म्हणाले. "या तापावर ते काढ्याच्या आधी लागू पडतं हे मला कळत नाही होय? तिला दिवस गेल्याचं तुझ्या आईनं पहिल्या महिन्यातच माझ्या कानावर घातलं होतं. पुरुषांत बोलू नका म्हणाली, तीन महिने होऊ देत, दृष्ट लागते. म्हणून मी दमानं घेत होतो."

"मग हे माझ्यामुळं—"

"तसं मी म्हणत नाही. इतके दिवस ताप अंगात राहिला तर नुसत्या तापानंही गर्भ जातो. आता कोण सांगणार कशानं गेला ते?" आणि मग, चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला सांगायचं होतंस रे. मी तुझ्याबरोबर ठाण्याला आलो असतो त्या डॉक्टराकडे. मला त्यात कसला कमीपणा होता?"

ते औषधाला गेलेच नाहीत, तसेच माघारी फिरले. आमच्या घरात शिरून त्यांनी आईला आणि वडिलांना ओटीवर यायला सांगितलं, सुइणीला तेवढं आत ठेवलं आणि उंबरा ओलांडून थेट तिच्या अंथरुणाशी जाऊन बसले. आई आ वासून बघत राहिली. अर्धा तास तरी ते आत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पण दोन आवाज कळत होते, त्यांचा आणि तिचा. तिचा आवाज जास्त वेळ चालला होता. ती एवढा वेळ सलग बोलू शकते हे मला तेव्हा कळलं.

बाहेर येऊन ते मला म्हणाले, "जा, तुझ्या डॉक्टराला घेऊन ये. मी बोलावलंय म्हणून सांग."

दुपारच्या गाडीनं मी ठाण्याला गेलो आणि डॉक्टर जेवणावरून उठून आले. आमच्या ओटीवर एकाच जाजमावर दोघं बसले. एक इंग्रजी नावं घेई, दुसरा संस्कृत. एकमेकांना कळेपर्यंत दोघंही पुन्हा पुन्हा सांगत. गेल्या पाच आठवड्यांत काय दिलं, कधी दिलं, ताप कोणत्या वेळी चढायचा, तिनं काय सांगितलं, सगळं त्यांनी मांडून पाहिलं. मग ठरलं: औषध डॉक्टरांचं, पेज-पथ्य वैद्यबुवांचं, आणि दोघांना विचारल्याशिवाय घरात कोणी काही द्यायचं नाही. निघताना डॉक्टर माझ्यापाशी थांबले. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच ते हळूच म्हणाले.

पाच आठवड्यांपूर्वी जे व्हायला हवं होतं, ते दीड दिवसात सगळं झालं. सोमवारी वैद्यबुवा वडिलांदेखत मला म्हणाले, "जा, तिच्यापाशी बस." मी बसलो. कोणी काही म्हणालं नाही, आईनं तर पाटही सरकवून दिला. आता बोलायला मोकळीक होती आणि मला एक शब्द सुचेना. तिला ग्लानी आली होती. मी तिच्या बांगड्या मनगटापर्यंत पुढे घ्यायचो, त्या पुन्हा मागे जायच्या. डॉक्टर पुन्हा येऊन गेले, वैद्यबुवा हलले नाहीत, आणि मंगळवारी दुपारी ती गेली.

तेरावं झाल्यावर मी वैद्यबुवांच्या घरी गेलो. ते खलात काहीतरी घोटत होते. मी विचारलं, त्या दिवशी ती तुमच्याशी इतका वेळ काय बोलली? ते म्हणाले, रोग्याचं बोलणं मी बाहेर काढत नसतो. मी उठलो नाही. बराच वेळ बसून राहिलो, तेव्हा त्यांनी बत्ता बाजूला ठेवला.

"तिला सगळं ठाऊक होतं," ते म्हणाले. "आपल्याला दिवस गेलेत हे तिला ठाऊक, पुडीत कोयनेल आहे हेही ओळखलेलं. माहेरी कोणालातरी दिलेलं तिनं पाहिलं होतं, आणि पोटुशीला देत नाहीत हेही तिथंच ऐकलं होतं. मी म्हटलं, अगं मुली, मग घेतल्यास का? तर म्हणाली, तिकडून आजवर कधी काही हातात देणं झालं नव्हतं. पहिल्यांदाच झालं. ते टाकून कसं देऊ?"

मी बत्ता उचलला आणि पुन्हा होता तिथे ठेवला.

"मी म्हटलं, निदान त्याला सांगायचंस तरी. तर म्हणाली, सांगणारच होते. पण तिकडे गाडीची घाई होती, बोलायला वेळच नव्हता." वैद्यबुवांनी सुस्कारा टाकला. "नशीब म्हणायचं, दुसरं काय. तुझी गाडी थोडी उशिराची असती तर!"

मी मान हलवली. तो रविवार होता. माझी गाडी सोमवारी सकाळची होती.